'बघू' म्हणण्याआधी: कामगाराचं गाऱ्हाणं सुपरवायझरनं कसं हाताळावं

बडोद्यातल्या कारखान्यात मराठी सुपरवायझर गुजराती कामगाराला बाजूला बोलावून आपुलकीनं विचारतो, "बोला भाई, काय तक्रार आहे तुमची?" आणि समोरचा माणूस बिचकतो. गुजरातीत 'तकरार' म्हणजे भांडण. आपण जिला तक्रार म्हणतो तिला तो 'फरियाद' म्हणतो, आणि साहेबापुढे उभं राहिल्यावर बऱ्याचदा तोही शब्द टाळून म्हणतो, "साहेब, एक रजूआत करवी छे." रजूआत म्हणजे मांडणी. माझं म्हणणं तुमच्यापुढे ठेवतो, एवढंच.

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत वीस-बावीस वर्षं शिफ्ट सांभाळताना हा फरक मला फार उपयोगी पडला. आपल्याकडेही 'गाऱ्हाणं' हा शब्द आहेच. कोकणात देवापुढे गाऱ्हाणं घालतात तेव्हा कुणी देवाशी भांडत नसतं. ऐकणारा कुणीतरी आहे, हा भरवसा असतो म्हणून घालतात. टेबलापाशी येऊन उभा राहणारा कामगारही तोच भरवसा धरून आलेला असतो. सुपरवायझर मात्र पुष्कळदा ते अंगावर घेतो. माझ्या कामात खोट काढतोय, लाइनवर माझी पत घालवतोय, असं त्याला वाटतं. तिथून पुढचं सगळं बिघडत जातं.

कामाशी जोडलेली जी गोष्ट कामगाराला अन्यायाची वाटते, ती त्याचं गाऱ्हाणं. ओटीचे, म्हणजे ओव्हरटाइमचे, तास कमी लागले, रजा नाकारली, बढतीत डावललं, सगळ्यांदेखत शिवी दिली, पिण्याच्या पाण्याचा कूलर महिनाभर बंद आहे, यांपैकी काहीही. खरोखर अन्याय झाला की नाही, हे तपासणं नंतरचं काम. पगार पैशापैशानं बरोबर निघाला असेल, पण तो बरोबर कसा हे त्याला कुणी समजावलं नसेल, तर त्याच्यापुरतं गाऱ्हाणं शिल्लक राहतंच.

आणि जो येत नाही, त्याला गाऱ्हाणं नसतं असंही नाही. मकरपुऱ्यात एका प्लॉटच्या भिंतीला दुसऱ्या प्लॉटची भिंत लागून आहे. चांगला फिटर किंवा सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनचा) ऑपरेटर चिडला तर भांडत बसत नाही. पगाराची तारीख झाली की शेजारच्या गेटवर जाऊन उभा राहतो. आपण त्याच्या जागी नवा पोरगा शिकवत बसतो आणि म्हणतो, हल्ली माणसं टिकत नाहीत.

पहिली पायरी

कायद्याची बाजू आधी सांगतो, कारण पुष्कळ सुपरवायझरांना वाटतं की हा सगळा एचआरचा विषय आहे.

१९५८ साली भारतीय श्रम परिषदेनं उद्योगांसाठी शिस्तसंहिता मान्य केली. तिच्या जोडीला गाऱ्हाणी सोडवण्याची एक नमुना पद्धतही आली. तो कायदा नव्हता. मालक आणि युनियन यांनी आपणहून पाळायची रीत होती. तिच्यात गाऱ्हाणं पायरीपायरीनं वर चढतं. कामगारानं आधी व्यवस्थापनानं त्यासाठी नेमलेल्या साहेबाला तोंडी सांगायचं आणि त्यानं ४८ तासांत उत्तर द्यायचं. पटलं नाही तर खातेप्रमुखाकडे, तिथे तीन दिवस. मग तक्रार समितीकडे, तिथे सात दिवस. त्यापुढे व्यवस्थापनाचा निर्णय, त्यावर अपील, आणि तरीही मिटलं नाही तर दोघांना मान्य असलेला लवाद.

आता औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. २० किंवा जास्त कामगार असलेल्या प्रत्येक औद्योगिक आस्थापनेत तक्रार निवारण समिती असलीच पाहिजे, असं ती सांगते. समितीत मालकाचे आणि कामगारांचे सदस्य सारखेच, मिळून जास्तीत जास्त १०. अध्यक्षपद दरवर्षी आलटून पालटून. कामगारांमध्ये बायकांचं जेवढं प्रमाण, निदान तेवढं समितीतही. गोष्ट घडल्यापासून एक वर्षात कामगारानं अर्ज करायचा आणि समितीनं ३० दिवसांत काम संपवायचं. निर्णय बहुमतानं होतो, पण कामगारांच्या प्रतिनिधींपैकी निम्म्याहून अधिकांची संमती त्यात लागते. नाहीतर निर्णय झालाच नाही असं धरतात. कामगाराचं समाधान झालं नाही, किंवा मुदतीत काही झालंच नाही, तर त्याला ६० दिवसांच्या आत आपल्या युनियनमार्फत समेट अधिकाऱ्याकडे जाता येतं.

या सगळ्या मुदतींमध्ये मला आजही सगळ्यात मोलाची वाटते ती जुन्या पद्धतीतली ४८ तासांची. समितीपर्यंत प्रकरण पोचेतो त्याचं रूप पालटलेलं असतं. घरी बायकोला सांगून झालेलं असतं, कँटीनमध्ये चार जणांनी चार सल्ले दिलेले असतात, आणि मूळ गोष्ट दीड तासाच्या ओटीची असली तरी आता प्रश्न इज्जतीचा झालेला असतो. पहिल्या दोन दिवसांत ती दीड तासाचीच असते. त्या दोन दिवसांत गाऱ्हाण्याजवळ असतो तो सुपरवायझर. समितीचा नंबर खूप नंतर लागतो.

जाता जाता एक गोष्ट, जी सुपरवायझरांना स्वतःबद्दल ठाऊक नसते. या संहितेनुसार देखरेखीचं काम करणारा माणूस महिना १८,००० रुपयांपर्यंत वेतन घेत असेल, तर तोही 'कामगार'च आहे. छोट्या युनिटमध्ये कितीतरी लाइन सुपरवायझर याच गटात बसतात. म्हणजे त्यांचं स्वतःचं गाऱ्हाणंही समितीपुढे जाऊ शकतं. ज्याचं कुणी ऐकत नाही त्यानं दुसऱ्याचं ऐकावं, ही अपेक्षा फार दिवस टिकत नाही, आणि हे मालकांनी लक्षात घ्यायला हवं.

ऐकण्याची जागा, ऐकण्याची वेळ

प्रेस मशीनच्या धडधडाटात उभं राहून गाऱ्हाणं ऐकू नये. शिफ्ट बदलताना, एक जण पंचिंगच्या रांगेत आणि दुसरा बसची वेळ बघतोय, अशा वेळीही नको. त्या क्षणी वेळ नसेल तर तसं सरळ सांगावं: "आत्ता डिस्पॅच आहे. साडेतीनला टूल क्रिबच्या (हत्यारांच्या खोलीच्या) मागे भेटू." आणि साडेतीनला तिथे असावं. ही पहिली वेळ चुकली तर पुढचं बोलणं निम्मं वाया गेलंच.

मग त्याला पूर्ण बोलू द्यावं. मधे "पण तूच तर" असं तोंडून निघू देऊ नये. उडिया किंवा भोजपुरी बोलणारा पोरगा असेल तर त्याला आपल्या हिंदीत शब्द सापडायला वेळ लागतो. तो आपण भरून काढायला गेलो की त्याचं गाऱ्हाणं आपल्या शब्दांचं होऊन जातं. शेवटी आपण ऐकलेलं त्याला परत सांगावं: "म्हणजे मंगळवारी तू सातपर्यंत थांबलास आणि ओटी लागली साडेपाचपर्यंतच, बरोबर?" तो हो म्हणाला की तारीख घालून वहीत लिहावं. त्याच्यासमोर लिहावं आणि काय लिहिलं ते वाचून दाखवावं.

ऐकण्याबद्दल माझी एक चूक सांगतो, कारण ती मला अजून टोचते. एका कारखान्यात ग्राइंडिंगवर एक वयस्कर ऑपरेटर होते. सगळे त्यांना काका म्हणायचे. एक दिवस म्हणाले, "साहेब, नव्या मशीनपाशी उजेड कमी पडतो." मी दुसऱ्याच दिवशी नवी ट्यूब लावून घेतली. काम झालं, असं समजलो. पंधरा दिवसांनी पुन्हा आले: उजेडानं डोळे दिपतात. मी ट्यूबची जागा बदलली. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी चिडलो, चारचौघांत चिडलो. काका काही न बोलता निघून गेले. पुढे त्यांच्या जोडीदाराकडून कळलं. अकरा वर्षं ज्या मशीनवर होते तिच्यावरून त्यांना हलवलं होतं, आणि ते त्यांना नोटिस बोर्डावरच्या कागदावरून कळलं होतं. तो कागद मीच लावला होता. "निदान एकदा सांगायचं तरी," एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ते थेट बोलणं त्यांना लाजिरवाणं वाटलं असावं, म्हणून त्यांनी उजेडाचं निमित्त केलं. मी दोनदा ट्यूबकडे बघितलं, माणसाकडे एकदाही नाही. नंतर मी त्यांच्या मशीनपाशी जाऊन, ज्यांच्यासमोर चिडलो होतो त्यांच्याचसमोर माफी मागितली. त्यानंतर उजेडाचा विषय पुन्हा निघाला नाही.

हे काही मला एकट्यालाच कळलेलं नाही. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात कामगारांच्या वागण्यावर जे गाजलेले प्रयोग झाले, त्यात १९२८ पासून २० हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. सुरुवातीला ठरावीक प्रश्न विचारत. कामगार भलतंच बोलायला लागत. मग प्रश्न बाजूला ठेवून त्यांना हवं ते बोलू द्यायचं ठरलं. तेव्हा लक्षात आलं की तोंडावर येणारं गाऱ्हाणं आणि पोटात असलेलं गाऱ्हाणं पुष्कळदा वेगळं असतं. म्हणून कामगार जे सांगतो ते आधी दुरुस्त करावंच, कूलर बंद असेल तर कूलर सुरू करावा, पण नंतर एकदा विचारावं: "आणखी काही आहे का?" आणि मग थोडा वेळ गप्प बसावं. ते गप्प बसणं जमायला मला काही वर्षं लागली.

तपासायचं म्हणजे काय

ऐकून झालं की लगेच निकाल देऊ नये, वचन तर मुळीच देऊ नये. "अरे, तुझी ओटी मी काढूनच देतो" असं म्हणून गेलेला साहेब दुसऱ्या दिवशी तोंड लपवतो. आधी कागद बघावेत: पंचिंगची नोंद, शिफ्टची यादी, हजेरीपट, पगारचिठ्ठी. ज्याच्याविरुद्ध बोलणं आहे, त्या माणसालाही विचारावं. दोन बाजू ऐकल्याशिवाय निवाडा करायचा नाही, हे गावच्या पंचांनाही कळत होतं. आणि एक प्रश्न, जो सुपरवायझर सहसा विसरतात: अशाच प्रकरणात आपण याआधी काय केलं होतं?

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हाचं उदाहरण देतो. समा, अकोटा, कारेलीबाग अशा भागांत लोक घरात अडकले. कामावर पोचणं शक्यच नव्हतं. पाणी ओसरल्यावर एका ठिकाणी असं झालं की ऑफिसमधल्यांचे ते दिवस 'विशेष रजा' म्हणून धरले गेले आणि शॉपवरच्यांचे, म्हणजे मशीनवर काम करणाऱ्यांचे, त्यांच्या हक्काच्या रजेतून कापले गेले. ज्यांची रजा संपली होती त्यांचा पगार कापला. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळे हजेरीपट भरले, आणि दोघांनी एकमेकांना विचारलं नाही.

कामगार आले ते रागानं. "आमच्या घरात पाणी नव्हतं का?" त्यांच्या सुपरवायझरकडे निर्णयाचा अधिकार नव्हता, पण तपासाचा होता. त्यानं दोन्ही हजेरीपट शेजारी ठेवले, एकाच सोसायटीत राहणारे एक क्लार्क आणि एक वेल्डर शोधले, आणि वर पाठवलेल्या कागदावर एवढंच लिहिलं की एकाच इमारतीतल्या दोन माणसांचे तेच तीन दिवस आपण दोन प्रकारे धरले आहेत. सगळ्यांचे दिवस विशेष रजेत गेले. 'कामगार नाराज आहेत' असं लिहून पाठवलं असतं तर वरचे म्हणाले असते, ते नेहमीच असतात.

उत्तर घेऊन परत जाणं

आता त्या 'बघू'कडे येतो. मराठी साहेब 'बघू' म्हणतो, गुजराती साहेब 'जोईशुं' म्हणतो, आणि दोन्ही भाषांतल्या कामगाराला त्याचा अर्थ पक्का ठाऊक आहे: होणार नाही, आणि नाही म्हणायचं धाडसही नाही. 'बघू' म्हणायचंच असेल तर त्याला तारीख जोडावी. "गुरुवारी पगार विभागाशी बोलतो, शुक्रवारी चहाच्या सुट्टीत तुला सांगतो." शुक्रवारी उत्तर मिळालं नसेल तरीही जावं आणि तेच सांगावं: अजून उत्तर नाही, सोमवारी पुन्हा विचारतो. कामगारानं आपल्यामागे यायचं नाही, आपण त्याच्याकडे जायचं. माझ्या मते या सगळ्या कामातला हाच भाग सगळ्यात कठीण आहे, कारण हातात काही नसताना माणसाकडे जायला पाय उचलत नाहीत.

उत्तर 'नाही' असेल तर कारणासकट 'नाही' सांगावं. "वरून आलंय" हे कारण नव्हे. "तू सातपर्यंत थांबलास हे खरं, पण साडेपाचनंतरच्या कामाला मंजुरी घेतलेली नव्हती" असं कुणी सांगू पाहील, तर त्याला सांगतो की हेही चालणार नाही. काम करून घेतलं असेल तर त्याचे पैसे द्यावे लागतात, जादा तासांना दुप्पट दरानं. मंजुरी घ्यायची राहिली ही सुपरवायझरची चूक, तिचा भुर्दंड कामगारानं का सोसावा? पण रजेचं तसं नसतं. तिघांनी एकाच दिवशी मागितली आणि एकच देता येत असेल, तर ती कोणत्या नियमानं दिली हे सांगितलं की उरलेले दोघं नाराज होतील, तरी बोलणं टाकणार नाहीत. मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. आपलं ऐकलं गेलं, तपासलं गेलं आणि सगळ्यांना एकच माप लावलं, एवढं दिसलं तर माणूस मनाविरुद्धचं उत्तरही पचवतो.

गाऱ्हाणं मिटल्यावर पंधरा दिवसांनी एकदा पुन्हा डोकवावं. ज्यानं तोंड उघडलं, त्याची शिफ्ट अचानक बदलली का, त्याला ओटी मिळणं थांबलं का, अवघड जॉब सगळे त्याच्याच वाट्याला येताहेत का? असा सूड कुणी कागदावर घेत नाही. पण शॉपवर सगळ्यांना दिसतो आणि पुढची दोन वर्षं कुणी बोलत नाही.

जे आपण हाताळायचं नाही

काही गोष्टी सुपरवायझरनं आपल्या पातळीवर मिटवायला घेऊच नयेत. बाईनं लैंगिक छळाबद्दल सांगितलं, तर "मी त्याला समज देतो, तुम्ही मनावर घेऊ नका" हे बोलणं चूक तर आहेच, कायद्याच्या विरुद्धही नेणारं आहे. २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असावी लागते. तिच्या अध्यक्ष वरिष्ठ पदावरच्या बाईच असतात, निदान निम्म्या सदस्य बायका असतात आणि एक सदस्य बाहेरचा असतो. तक्रार लेखी लागते, साधारण तीन महिन्यांच्या आत. बाईला लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचं कर्तव्य आहे. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. सुपरवायझरचं काम एवढंच: शांतपणे ऐकणं, विश्वास ठेवणं, समितीकडे कसं जायचं ते सांगणं आणि कुणाजवळही नाव न काढणं. बेन असोत की ताई, त्यांनी आपल्याला सांगितलं ते कँटीनमध्ये पोचता कामा नये.

जीवाला धोका असेल, संरक्षक गार्ड काढलेली प्रेस, उघडी वायर, तर ४८ तासांचीही वाट बघायची नाही. मशीन बंद करायची आणि मग बोलायचं. आणि गाऱ्हाणं खुद्द आपल्याविरुद्ध असेल तर ते आपणच ऐकून निकाली काढू नये. खातेप्रमुखाचं दार त्याला आपण होऊन दाखवावं.

कंत्राटी कामगारांचं दुखणं वेगळंच. त्यांना सगळीकडे एकच उत्तर मिळतं: ठेकेदाराला विचार. ठेकेदारानं पगार दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी शेवटी मुख्य मालकावरच येते, हे कायद्यात १९७० पासून आहे. म्हणून त्याचंही नाव वहीत लिहावं. हेल्मेटचा रंग वेगळा असला तरी तो आपल्याच लाइनवर उभा असतो.

नवरात्रातली यादी

बडोद्यात सगळ्यात जास्त गाऱ्हाणी कशावरून येतात म्हणाल, तर नवरात्रातल्या रात्रपाळीवरून. नऊ रात्री शहर गरब्याला निघतं आणि प्रेस मात्र चालू ठेवायची असते. गुजराती पोरांना आठमीची रात्र हवी असते. मराठी मंडळींनी त्याआधी गणपतीत रजा घेतलेली असते, आणि सुपरवायझर मराठी असेल तर "आपल्या माणसांना दिली" हे कुजबुजणं सुरू होतं. उत्तर भारतातल्या पोरांना छठीला गावी जायचं असतं. त्यांची तिकिटं कितीतरी आधी काढावी लागतात. उत्तरायणाला पुन्हा सगळ्यांनाच पतंग. इथे कुणा एकाचं गाऱ्हाणं नसतं, सगळ्यांचं असतं, आणि एकाला दिलेली रात्र दुसऱ्याकडून काढलेली असते.

पहिली काही वर्षं मी रात्रपाळीची यादी शेवटच्या आठवड्यात लावायचो, म्हणजे वाद घालायला कुणाला वेळ राहू नये. वाद तरीही व्हायचे, फक्त ते माझ्यापर्यंत येत नसत. पुढे पद्धत बदलली. श्रावणात प्रत्येक भाषेच्या गटातून एकेक माणूस बोलावतो, चौघं-पाच जणं बसतो. कुणाला कोणती एक रात्र सोडवत नाही, एवढंच आधी लिहून घेतो. एकाच रात्रीवर जास्त नावं आली तर मागच्या वर्षी त्या रात्री कामावर कोण होतं ते बघतो. त्यांचा हक्क आधी. उरलेल्यांच्या चिठ्ठ्या टाकतो, आणि चिठ्ठी गटातलाच कुणीतरी उचलतो.

यादी बोर्डावर लागते तेव्हा तिच्या शेजारी मागच्या वर्षीचीही लागते. तिच्यात आठमीच्या रात्री माझंही नाव आहे.